इंग्लंडमध्ये अकरावी-बारावीच्या वयात हेल्थ अँड सोशल केअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या एका कॉलेजात मी हा विषय शिकवते. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आणि ऑगस्टमध्ये जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेचा, निकाल लागला की रात्री उशिरापर्यंत फोनवर, तेच ते प्रश्न येत राहतात. कधी आई विचारते, कधी आईला न सांगता मुलगी विचारते, कधी पुण्या-नाशकातले आजोबा. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माहिती इंग्लंडपुरती आहे, कारण स्कॉटलंडची शिक्षणपद्धती वेगळी आहे आणि वेल्स व उत्तर आयर्लंडमध्येही हा विषय वेगळ्या रूपात शिकवतात. नियम २०२५ च्या अखेरीचे धरले आहेत.

१. सिक्स्थ फॉर्म म्हणजे आपली अकरावी-बारावीच ना?

वयाने तेच, रचनेने नाही. इयर ११ च्या शेवटी, साधारण सोळाव्या वर्षी, जीसीएसई होते. त्यानंतरची इयर १२ आणि इयर १३ ही दोन वर्षं म्हणजे सिक्स्थ फॉर्म. काही शाळांत ते शाळेतच असतं, काही ठिकाणी वेगळं सिक्स्थ फॉर्म कॉलेज असतं. सायन्स-कॉमर्स-आर्ट्स अशा शाखा नसतात. विद्यार्थी साधारण तीन विषय स्वतः निवडतो किंवा तिन्हींच्या जागी एकच मोठा कोर्स घेतो. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत कुठल्या ना कुठल्या शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणं इंग्लंडमध्ये कायद्याने अपेक्षित आहे.

एक सूचना. वेळापत्रकावर या विषयाचं लघुरूप बरेचदा ‘एचएससी’ असं छापतात. ते वाचून ‘मुलगी बारावीच्या बोर्डाला बसतेय का?’ असं विचारणारे फोन मला आले आहेत. आपल्या एचएससीशी त्याचा काही संबंध नाही.

२. या विषयात शिकवतात तरी काय? आजाऱ्याची सेवा शिकायला कोर्स कशाला लागतो?

नावात दोन भाग आहेत आणि इंग्लंडमध्ये त्या खरोखरच दोन निरनिराळ्या यंत्रणा आहेत. हेल्थ म्हणजे एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली, उपचार घेताना पैसे न मागणारी. सोशल केअर म्हणजे म्हातारपण, अपंगत्व किंवा दीर्घ आजार यांत रोजच्या जगण्याला लागणारा आधार : आंघोळ, कपडे, जेवण, औषधांच्या वेळा. ती जबाबदारी स्थानिक काउन्सिलकडे असते आणि ती सगळ्यांना फुकट नसते. आजी पडून खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशनचं बिल येत नाही. पण घरी आल्यावर सुरुवातीच्या काही आठवड्यांची मदत संपली, आणि पुढेही रोज सकाळी आंघोळीला कोणी तरी लागणार असेल, तर आजीची शिल्लक बघितली जाते. २३,२५० पौंडांच्या वर शिल्लक असेल तर खर्च तिचा तिने करायचा. ही सीमारेषा कळणं हाच या विषयाचा पाया आहे, आणि ती इथे वीस वर्षं राहिलेल्या पालकांनाही अनेकदा ठाऊक नसते.

बाकी अभ्यासक्रमात जन्मापासून म्हातारपणापर्यंतची वाढ येते, तीही शारीरिक, बौद्धिक, भावनिक आणि सामाजिक अशा चार अंगांनी. पियाजे, बोल्बी, बंडुरा या मानसशास्त्रज्ञांचे सिद्धांत येतात. कोर्स मोठा असेल तर शरीररचना आणि शरीरक्रिया येते. मग कायदे : मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५, इक्वॉलिटी अ‍ॅक्ट २०१०, केअर अ‍ॅक्ट २०१४. मिड स्टॅफर्डशरच्या हॉस्पिटलमध्ये रुग्णांचे जे हाल झाले त्यावरचा २०१३ चा फ्रान्सिस अहवाल मी दरवर्षी वर्गात घेते, कारण चांगली माणसंसुद्धा वाईट व्यवस्थेत कशी बधिर होतात हे सोळाव्या वर्षीच कळलेलं बरं.

यातला मेंटल कपॅसिटीचा, म्हणजे स्वतःचे निर्णय घेण्याच्या क्षमतेचा, धडा आपल्या घरांतल्या मुलांना सगळ्यात जड जातो. आजोबांना मधुमेह आहे, त्यांना पेढा हवा आहे, धोका त्यांना नीट समजलेला आहे. काय कराल? आपली मुलं एका सुरात म्हणतात, डबा लपवू. कायदा म्हणतो, एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा वाटत नाही एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं ठरवायचं नाही. मग तासभर वाद होतो. मी त्यांना शुश्रूषा हा शब्द फळ्यावर लिहून दाखवते. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. सेवेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. समोरच्याचं ऐकायचं कसं, हे शिकायला कोर्स लागतो.

३. मुलगी म्हणते ‘बीटेक’ घेतेय. अकरावीतच इंजिनिअरिंग कसं?

हा बी.टेक. नव्हे. उच्चार एक, वस्तू वेगळी. हा बीटेक म्हणजे पिअरसन या परीक्षा मंडळाच्या व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांचं नाव, आणि लेव्हल ३ चा बीटेक म्हणजे ए लेव्हलच्या (इयर १३ च्या शेवटी होणाऱ्या, एकेका विषयाच्या परीक्षेच्या) बरोबरीच्या पातळीचा. गावाकडे फोनवर सांगताना ‘बीटेक’ शब्द टाळा आणि ‘आरोग्य आणि समाजसेवेचा दोन वर्षांचा कोर्स’ म्हणा. निदान मामांच्या अभिनंदनाचा नंतर खुलासा करत बसावं लागणार नाही. ओसीआर हे दुसरं मंडळही हा विषय वेगळ्या नावाने चालवतं.

४. एका कॉलेजात ‘एक्स्टेंडेड सर्टिफिकेट’, दुसऱ्यात ‘एक्स्टेंडेड डिप्लोमा’. दोन्ही सारखेच ना?

नाहीत. या सगळ्या पानातला एकच प्रश्न वाचायला वेळ असेल तर हा वाचा. विषयाचं नाव तेच राहतं, कोर्सचा आकार बदलतो, आणि पुढे युनिव्हर्सिटी आकारच बघते.

एक्स्टेंडेड सर्टिफिकेट हा ३६० तासांचा, एका ए लेव्हलएवढा. त्याच्या जोडीला आणखी दोन विषय घ्यायचे असतात. डिप्लोमा ७२० तासांचा, दोन ए लेव्हलएवढा. एक्स्टेंडेड डिप्लोमा १०८० तासांचा, तीन ए लेव्हलएवढा. तो घेतला की दोन वर्षं दुसरा विषय बहुधा नसतोच. मधे फाउंडेशन डिप्लोमाही आहे, तो दीड ए लेव्हलएवढा.

युनिव्हर्सिटी प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या यूकास या संस्थेचे गुण त्या हिशेबाने लागतात. एक्स्टेंडेड सर्टिफिकेटमध्ये डिस्टिंक्शन स्टारला ५६, डिस्टिंक्शनला ४८, मेरिटला ३२, पासला १६. म्हणजे डिस्टिंक्शन स्टार हे ए लेव्हलच्या ए स्टारएवढं आणि डिस्टिंक्शन ए एवढं. एक्स्टेंडेड डिप्लोमात तीन ग्रेड मिळतात : तिन्ही डिस्टिंक्शन म्हणजे १४४, एक डिस्टिंक्शन आणि दोन मेरिट म्हणजे ११२, तिन्ही मेरिट म्हणजे ९६.

दरवर्षी कोणी तरी येतं, ज्याने ‘हेल्थ अँड सोशल केअर घेतलं आहे’ एवढंच घरी सांगितलेलं असतं, आणि दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये कळतं की युनिव्हर्सिटीने मागितलेला आकार हा नाही. तेव्हा हाती काही नसतं. प्रवेशाच्या वेळी कॉलेजकडून कोर्सचं पूर्ण नाव, मंडळ आणि तास लेखी घ्या. २०२५ च्या सप्टेंबरपासून एक्स्टेंडेड सर्टिफिकेटची नवी आवृत्तीही सुरू झाली आहे, त्यामुळे मोठ्या बहिणीची जुनी पुस्तकं आणि नोट्स धाकटीला जशाच्या तशा चालतील असं धरू नका.

५. मग टी लेव्हल काय आहे? ती जास्त चांगली का?

जास्त चांगली किंवा वाईट असं नाही. ज्याला मनातून ठाऊक आहे की आपल्याला याच क्षेत्रात जायचं आहे, त्याच्यासाठी ती आहे. हेल्थची टी लेव्हल २०२१ मध्ये सुरू झाली. तीन ए लेव्हलच्या बरोबरीची, दोन वर्षांची, आणि त्यात किमान ३१५ तासांची, म्हणजे साधारण ४५ दिवसांची, प्रत्यक्ष कामाच्या जागी प्लेसमेंट असतेच. दुसऱ्या वर्षी एक शाखा निवडून त्यात खोल जायचं असतं, जसं प्रौढांचं नर्सिंग, मिडवाइफरी (बाळंतपणाची सेवा) किंवा मानसिक आरोग्य. अट एवढीच की सोळाव्या वर्षी सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची तयारी हवी. मन डळमळीत असेल तर एक्स्टेंडेड सर्टिफिकेट आणि दोन ए लेव्हल हे मला अधिक सुरक्षित वाटतं.

६. प्रवेशाला किती मार्क लागतात? माझ्या मुलाचं गणित राहिलंय.

बहुतेक कॉलेजं जीसीएसईत पाच विषयांत ४ किंवा त्याहून वरची ग्रेड मागतात, त्यांत इंग्रजी असावं अशी अपेक्षा असते. आकडा कॉलेजागणिक बदलतो. गणित किंवा इंग्रजीत ४ मिळाली नसेल तर दार बंद होत नाही, पण तो विषय सिक्स्थ फॉर्ममध्ये सोबत पुन्हा करावा लागतो. तो पुढे ढकलू नका. नर्सिंगच्या डिग्रीला दोन्ही विषय जवळजवळ सगळीकडे मागतात. औषधाचा डोस मोजणाऱ्या हाताला दशांश चिन्ह नीट कळायलाच हवं.

दहावी महाराष्ट्र बोर्डातून करून नुकत्याच इथे आलेल्या मुलांबद्दल : गुणपत्रिका घेऊन थेट प्रवेश विभागाकडे जा. काही कॉलेजं दहावी मान्य करून आपली इंग्रजी-गणिताची चाचणी घेतात, काही आधी एक वर्ष जीसीएसई करायला सांगतात. एका ठिकाणी नाही म्हटलं म्हणून सगळीकडे नाही असं नाही.

७. यात परीक्षा नसते, नुसत्या असाइनमेंट असतात असं ऐकलं. खरं का?

अर्धवट खरं. २०१६ च्या, म्हणजे प्रश्न ४ मधल्या नव्या आवृत्तीआधीच्या, बीटेक एक्स्टेंडेड सर्टिफिकेटमध्ये मानवी वाढीचा आणि या क्षेत्रातल्या कामाचा असे दोन पेपर बाहेरून तपासले जातात, आणि ते मिळून कोर्सचा ५८ टक्के भाग आहे. उरलेलं असाइनमेंटवर. पेपर पुन्हा देता येतो, पण त्यावर मर्यादा असते.

असाइनमेंट सोपं काम आहे हा समज मुलांना बुडवतो. दर पंधरवड्याला काही तरी द्यायचं असतं. शेवटच्या महिन्यात रात्री जागून निभावण्याची आपली जुनी पद्धत इथे उपयोगाची नाही. ‘वर्णन करा’, ‘विश्लेषण करा’, ‘मूल्यमापन करा’ या तीन क्रियापदांवर पास, मेरिट आणि डिस्टिंक्शन ठरतं. चार पानं वर्णन लिहिलं आणि मत मांडलंच नाही, तर कितीही सुबक असलं तरी पास. हुशार मुलं इथेच अडकतात, कारण मत मांडायची सवय नसते.

८. हे घेऊन डॉक्टर होता येईल का?

सरळ उत्तर : या कोर्सच्या भरवशावर नाही. मेडिकलला बहुतेक युनिव्हर्सिट्यांत ए लेव्हलचं केमिस्ट्री लागतं, सोबत बरेचदा बायॉलॉजी, आणि यूकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा वेगळी. एक्स्टेंडेड डिप्लोमा घेतला तर केमिस्ट्रीला जागाच उरत नाही. केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि तिसरा विषय म्हणून एक्स्टेंडेड सर्टिफिकेट, असं चालतं का? मोजक्या ठिकाणी चालेल, अनेक ठिकाणी तिसरा विषयही ए लेव्हलच हवा असतो. पसंतीच्या प्रत्येक मेडिकल स्कूलची अट अर्जाच्या आधी नव्हे, विषय निवडायच्या आधी वाचा.

आडवाट आहे : आधी नर्सिंगसारखी डिग्री, मग पदवीधरांसाठीचा चार वर्षांचा मेडिकलचा कोर्स. काही ठिकाणी तो कोणत्याही शाखेच्या पदवीवर खुला असतो. पण स्पर्धा फार तीव्र आहे, आणि नर्सिंगकडे नुसती पायरी म्हणून बघणारी मुलगी वॉर्डातल्या पहिल्याच हिवाळ्यात थकते. नर्सिंग नर्सिंगसाठी करावं.

९. नर्सिंग, मिडवाइफरी, फिजिओथेरपी, सोशल वर्क यांना चालतं का?

नर्सिंगला चालतं, आणि चांगलं चालतं. इथली नर्सिंगची डिग्री चार शाखांत मिळते : प्रौढ, बालक, मानसिक आरोग्य आणि लर्निंग डिसॅबिलिटी. शाखा अर्ज करतानाच निवडायची असते. अनेक युनिव्हर्सिट्या ९६ ते १२० यूकास गुणांच्या आसपास मागतात. मिडवाइफरीला जागा कमी आणि अर्ज भरपूर, त्यामुळे अट वर जाते, आणि काही ठिकाणी बायॉलॉजीही लागतं.

सोशल वर्क आणि ऑक्युपेशनल थेरपी यांना हा विषय सहसा मान्य असतो. फिजिओथेरपी, रेडिओग्राफी, डायटेटिक्स यांना मात्र सावध राहा. तिथे बरेचदा बायॉलॉजी, फिजिक्स किंवा केमिस्ट्रीचा ए लेव्हल मागतात. पॅरामेडिकसाठी अटी युनिव्हर्सिटीगणिक बदलतात. नुसतं ‘हेल्थमध्ये जायचंय’ म्हणून एक्स्टेंडेड डिप्लोमा घेऊन नंतर फिजिओकडे वळलेल्या मुलांचे पडलेले चेहरे मला आठवतात. नंतरची समजूत मी घालते, पण त्यांचं गेलेलं वर्ष मला परत देता येत नाही.

१०. एक्स्टेंडेड सर्टिफिकेटच्या जोडीला कोणते दोन विषय घ्यावेत?

नर्सिंगसाठी बायॉलॉजी आणि सायकॉलॉजी. सोशल वर्कसाठी सोशिऑलॉजी आणि सायकॉलॉजी. काहीच ठरलं नसेल तर बायॉलॉजी सोडू नका, एवढंच म्हणेन.

११. प्लेसमेंटला मुलीला म्हाताऱ्या माणसांचं अंग पुसायला लावतील का? हे विचारायला संकोच वाटतो.

संकोच नको, जवळजवळ प्रत्येक आई हे विचारते.

पहिल्या दिवसापासून असं होत नाही. सुरुवातीला मुलं केअर होममध्ये, डे सेंटरमध्ये किंवा नर्सरीत बसतात, गप्पा मारतात, पत्ते खेळतात, चहा देतात, जेवायला मदत करतात, बघतात. अंगाला हात लावून करायची मदत प्रशिक्षण आणि देखरेख यांशिवाय नाही, आणि ज्याची सेवा करायची त्या माणसाची संमती घेतल्याशिवाय तर नाहीच. अनोळखी सोळा वर्षांच्या मुलीने आपल्याला आंघोळ घालू नये असं त्या आजींनाही वाटू शकतं. सोळा पूर्ण झाल्यावर डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची) होते, तिच्या कागदपत्रांना वेळ लागतो. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा जूनमध्येच तयार ठेवा. मोठ्या बीटेकमध्ये १०० तासांची प्लेसमेंट असते, टी लेव्हलचं प्रश्न ५ मध्ये सांगितलं आहे.

वर्गात आम्ही आधी एकमेकांना दही भरवतो. भरवणारा उभा, खाणारा बसलेला, डोळ्यांवर पट्टी. दोन मिनिटांत वर्ग शांत होतो. चमचा कधी येणार ते कळत नाही, तोंड पुसलं जातं तेव्हा लहान झाल्यासारखं वाटतं. मग तेच पुन्हा करतो, या वेळी भरवणारा शेजारी बसतो, आधी सांगतो, थांबतो. यानंतर प्लेसमेंटला गेलेली मुलं उभ्याने कुणाला भरवत नाहीत.

आणि पुढेमागे अंग पुसावं लागलंच तर? आपल्यापैकी बहुतेकींनी बाळंतिणीचं केलं आहे, सासऱ्यांचं केलं आहे. ते काम मुलीला येऊ नये असं वाटतं, की त्या कामाला मान मिळत नाही म्हणून वाईट वाटतं, हे एकदा स्वतःशी तपासून बघा.

१२. घरी मराठी बोलतो, त्याचा इथे काही उपयोग?

खूप. डिमेन्शियात अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी विरते आणि लहानपणची उरते. चाळीस वर्षं इंग्रजीत नोकरी केलेली माणसं शेवटी मराठीत, गुजरातीत, पंजाबीत पाणी मागतात. ‘आजी, पाणी हवंय का?’ एवढं वाक्य बोलणारं कोणी असणं ही फार मोठी सोय आहे.

मात्र एक रेघ ओलांडायची नाही. औषधोपचार, ऑपरेशनची संमती, तक्रार अशा गोष्टींत विद्यार्थ्याने दुभाषा व्हायचं नाही. त्यासाठी प्रशिक्षित दुभाषे असतात, आणि एनएचएसमध्ये ते रुग्णाला मोफत मिळतात. कोणी आग्रह केला तरी मुलीने नम्रपणे नकार द्यावा आणि सुपरवायझरला सांगावं.

१३. मुलाला हा विषय घ्यायचाय. त्याचे बाबा म्हणतात, हे बायकांचं काम.

माझ्या वर्गात मुलं कमी असतात हे खरं. पण मानसिक आरोग्याच्या वॉर्डात, अपंग तरुणांच्या घरी, आणि पुरुषाच्याच हातून आंघोळ घ्यावीशी वाटणाऱ्या आजोबांना त्यांची गरज रोज भासते.

हलकं काम म्हणणाऱ्यांना मी सावित्रीबाईंची आठवण देते. १८९७ च्या प्लेगात त्यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. तो दवाखाना चालवणारे डॉ. यशवंत त्यांचे दत्तक पुत्र. आई आणि मुलगा, दोघंही त्याच कामात होते.

१४. दोन आठवड्यांत मुलगी म्हणते, नको हा विषय. बदलता येतो का?

लवकर बोललात तर बहुधा येतो. पहिले सहा आठवडे महत्त्वाचे, कारण कॉलेजचा सरकारी निधी साधारण तेव्हा पक्का होतो आणि दुसऱ्या वर्गाचा अभ्यासही फार पुढे गेलेला नसतो. आधी कारण शोधा. मानवी वाढीच्या धड्यात मृत्यू, विभक्त कुटुंबं, अत्याचार हे विषय येतात, आणि घरात नुकतंच काही घडलं असेल तर मूल विषय सोडायला बघतं. शिक्षकांना कानावर घाला. विषय न सोडताही मार्ग निघतो.

१५. फी किती? आम्ही वर्क व्हिसावर आहोत.

सरकारी शाळेत किंवा कॉलेजात सोळा ते अठरा वयाच्या पात्र मुलांना फी नाही. आईवडील वैध व्हिसावर असतील आणि मूल त्यांच्यासोबत राहत असेल तर ते सामान्यतः पात्र धरलं जातं. कॉलेज कागद तपासतं. प्रवास, गणवेश, प्लेसमेंटचे बूट असे खर्च असतात. उत्पन्न कमी असेल तर १६ ते १९ बर्सरी फंड आहे, त्यासाठी अर्ज कॉलेजातच करायचा. लंडनमध्ये झिप ऑयस्टर कार्डाने बसचा प्रवास वाचतो.

१६. सिक्स्थ फॉर्म फुकट झालं, मग युनिव्हर्सिटीतही होम फीच ना?

इथे आपली माणसं सर्वांत जास्त फसतात, म्हणून स्पष्ट लिहिते : नाही, आपोआप नाही. होम फीसाठी साधारणपणे सेटल्ड दर्जा, म्हणजे आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) किंवा नागरिकत्व, आणि कोर्सआधीची तीन वर्षं इथलं वास्तव्य लागतं. मूल आईवडिलांच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल तर युनिव्हर्सिटी बहुधा ओव्हरसीज फी लावते, मग ते इथे आठवी-नववीपासून का शिकलेलं असेना. २०२५-२६ ला होम फीची मर्यादा ९,५३५ पौंड आहे. ओव्हरसीज फी त्याच्या कितीतरी पट असू शकते. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वर्षाला मिळणारं ५,००० पौंडांचं, परत न करायचं अनुदानही स्टुडंट फायनान्सला, म्हणजे सरकारी शिक्षणकर्जाला, पात्र असणाऱ्यांनाच मिळतं.

अपवाद आहेत : आयुष्याची ठरावीक वर्षं इथे काढलेल्या मुलांसाठी दीर्घ वास्तव्याचा नियम, काही निर्वासित गट. तुमचा आयएलआर कोर्स सुरू होण्याआधी मिळतो की नंतर, यावर सगळं फिरू शकतं. इयर १२ मध्येच युनिव्हर्सिटीच्या फी-विभागाला लेखी विचारा.

१७. गावाकडच्या भाचीला हा कोर्स करायला बोलावून मग केअर व्हिसा मिळवता येईल का?

नाही. एकट्या मुलासाठीचा चाइल्ड स्टुडंट व्हिसा फी घेणाऱ्या खाजगी संस्थांसाठी असतो. सरकारी शाळेतल्या फुकट सिक्स्थ फॉर्मसाठी तो मिळत नाही. केअर वर्करला कुटुंब आणण्याची सोय ११ मार्च २०२४ पासून बंद झाली, आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्करची नवी भरतीच बंद झाली. यानंतरही कोणी एजंट ‘कोर्स करा, केअर व्हिसा पक्का’ म्हणून लाखो रुपये मागत असेल तर एक पैसाही देऊ नका. या आश्वासनावर शेतं विकली गेलेली घरं मी पाहिली आहेत.

१८. दोन वर्षांनी भारतात परतलो तर हा कोर्स चालेल?

भारतातल्या बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं. एक्स्टेंडेड डिप्लोमा त्यात बसत नाही. परतण्याची थोडीशीही शक्यता असेल तर विज्ञानाचे ए लेव्हल घ्या.

१९. हा कोर्स बंद होणार असं ऐकलं.

रचना बदलते आहे. ज्या क्षेत्रात टी लेव्हल आहे तिथले मोठे डिप्लोमा टप्प्याटप्प्याने कमी होणार आहेत, आणि ऑक्टोबर २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने व्ही लेव्हल नावाचे नवे अभ्यासक्रम २०२७ पासून आणायचं जाहीर केलं आहे. जो कोर्स आत्ता सुरू आहे तो पूर्ण करू दिला जातो. धाकट्या भावंडासाठी मात्र मोठ्याचा अनुभव जसाच्या तसा धरू नका. प्रश्न ४ मधलं लेखी विचारण्याचं तेव्हाही लागू आहे.

२०. युनिव्हर्सिटीला जायचंच नसेल तर?

केअर होम, हॉस्पिटलमधला हेल्थकेअर असिस्टंट, शाळेतला सपोर्ट स्टाफ, अशा नोकऱ्या मिळतात. तिथे आधी केअर सर्टिफिकेट (कामावरचं मूलभूत प्रशिक्षण) पूर्ण करून घेतात. अप्रेंटिसशिपने पगार घेत शिकताही येतं, आणि नर्सिंग असोसिएटपर्यंत, पुढे नर्सपर्यंत पोचता येतं. अप्रेंटिसशिपलाही व्हिसाच्या अटी असतात, त्या आधी बघा.

२१. घरी आजीचं सगळं माझी मुलगीच बघते. ते प्लेसमेंट म्हणून धरतील का?

प्लेसमेंट म्हणून नाही. तिथे बाहेरची जागा आणि देखरेख करणारा माणूस लागतो. पण ते वाया जात नाही. २०२६ च्या प्रवेशापासून यूकासच्या अर्जात निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत, आणि तिसरा प्रश्न शिक्षणाबाहेर काय तयारी केली हाच आहे. तिथे ‘मी आजीची सेवा केली’ असं न लिहिता, आजी गोळ्या घ्यायला का नाही म्हणायची आणि आपण त्यावर काय केलं ते मुलीला लिहू दे.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची. एवढी जबाबदारी असलेल्या मुलीला इंग्लंडमध्ये यंग केअरर म्हणतात. अठराच्या आतल्या अशा मुलीला काय मदत लागते याची पाहणी काउन्सिलने करायची असते, तसा २०१४ चा कायदा आहे. कॉलेजला कळवलंत तर असाइनमेंटच्या मुदतीत आणि बर्सरीतही विचार होऊ शकतो. आपल्या घरांत हे कोणी कळवत नाही, कारण आजीचं करणं ही सांगायची गोष्ट वाटत नाही. या सोमवारी ट्यूटरला दोन ओळींची ईमेल पाठवा.